पदराखालची खरखर

नाही आबा, तसं उभ्या उभ्या नाही सांगता येणार, बसा तुम्ही. ती खुर्ची ओढून घ्या. काल सोनगीरला तुमच्या घरी येताना मला काय वाटत होतं, माहितीये? मला वाटत होतं, मी ओट्यावरून हाक मारीन आणि तुमची सून आतून ‘आली’ म्हणेल. एवढंच. कानाचं मशीन देऊन तीन महिने झाले, आता एवढं तरी व्हायला हवं ना? म्हैसूरला कान तपासायचं शिकले, तिकडेच नोकरी मिळत होती, ती सोडून धुळ्यात आले ती असल्याच एखाद्या ‘आली’साठी — आणि बघितलं काय? रूपाचा कान रिकामा. मशीन कपाटात, मंगळसूत्राच्या डबीत, खाली कापूस, वर रुमाल. तुमच्या यशोदाअक्का ते मला कौतुकाने दाखवत होत्या — बघा ताई, एक ओरखडा नाही. जसं काही दागिन्याला पॉलिश करायला आले होते मी. डॉक्टरकडे जाताना घालायचं म्हणे, नाहीतर लग्नाकार्यात. रोज घालून झिजवायचं कशाला?

आणि मग रूपाला चहा ठेवायला सांगायचं होतं, तर अक्कांनी टोपलीतला एक कांदा उचलला आणि तिच्या पाठीवर मारला. हसताय कशाला, आबा? जोरात नाही मारला, मला माहितीये, जोरात नाही मारला — सवयीने मारला. ती वळली, अक्कांनी हाताने कप दाखवला, ती वाकली, कांदा उचलून परत टोपलीत ठेवला आणि गॅस पेटवला. मी विचारलं तर अक्का म्हणतात, ‘तिले काय आयकू येस? आसंच बलावनं पडस.’ रागाने नाही हो म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भाजी चांगली आहे म्हणावं, तशा म्हणाल्या. मी तो चहा तसाच ठेवला. आणि तुम्ही आज सकाळी मशीन खिशात घालून आलात, म्हणे बदलून द्या, ते कानात आत जाणारं, न दिसणारं द्या.

का, तर कोकिळाला बघायला पाहुणे येणार. आणि पाहुणे म्हणतील, या घरात बहिरेपण आहे. आबा, रूपा तुमची सून आहे. तिच्या कानाचा आणि तुमच्या मुलीच्या रक्ताचा संबंध काय? काय? — हो, लोक एवढा विचार करत नाहीत. तुम्ही तरी केलात का? मला वाटतं, लोक म्हणजे कोण, कुठे राहतात हे लोक, एकदा भेटले तर बरं.

ते वाटाण्याएवढं मशीन मी देणार नाही. दुकानाच्या काचेत मांडलंय खरं, त्याच्याशेजारी नटलेल्या बाईचा फोटोही लावलाय आमच्या मालकांनी, त्याचीही मला शिसारी येते, पण ते थोडं कमी ऐकू येणाऱ्याचं काम आहे. रूपाच्या कानाला लागतो तेवढा जोर त्यात मावतच नाही. आणि ओढूनताणून वाढवला तर ते शिट्टी मारतं. पाहुणे पोहे खातायत आणि सुनेच्या कानात शिट्टी — चालेल? नाही ना. म्हणून मी कानामागचं दिलं होतं. तिच्या ऐकण्याला तेच बरोबर, कुणालाही विचारा, मला शंभरपैकी शंभर मिळाले असते. मग ती घालत का नाही? मला वाटायचं, आळस. मला वाटायचं, घरच्यांना लाज. फोनवर तुमच्या नवलला दोनदा बोलले मी, बायकोला सवय करायला सांग म्हणून.

काल मी मागे मोरीपाशी गेले तिच्याकडे. तिने डबीतलं मशीन आणलं, चालू केलं, नळी माझ्याच कानाला लावली आणि आपला पदर मशीनवर ओढला. असा. परत असा. ‘तुम्हीच आयका ना ताई,’ म्हणाली, ‘दिनभर हाईच वाजस.’ खरखर, खरखर — पत्र्यावर कुणी झाडू मारतंय तसं. कानामागच्या मशीनचा माइक कानावर येतो, आणि कानावर तुमच्या घरात दिवसभर पदर. मान हलली की खरखर, वाकली की खरखर. माणसाचा आवाज त्यात बुडून जातो. तिने पदर कानामागे खोचून पाहिला, तर अक्का म्हणाल्या, सासऱ्यासमोर उघडी फिरते. मग तिने पदर ठेवला आणि मशीन काढलं. दुसरं काय करणार होती? आणि मी इतकी शिकलेली, तिला इथे बोलावलं तेव्हा म्हटलं, पदर काढ, केस मागे घे, आणि मोकळ्या डोक्याने सगळी तपासणी केली.

मी अक्कांना बोलणारच होते. पदर आणि कांदा, दोन्हींचा विषय काढणार होते. तेवढ्यात तुम्ही दारात खाकरलात आणि — हे नव्हतं सांगायचं मला — माझा हात गेला ओढणीकडे. डोक्यावर घेतली मी. कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही बघितलंत आणि मान डोलावलीत, पोरगी वळणाची आहे, अशी. त्या मान डोलावण्याची मला जेवढी किळस आली ना, तेवढी कांद्याची नाही आली.

रात्री ठरवलं होतं, सरळ सांगायचं: घरातला पदर काढा, मगच मशीन, नाहीतर नाही. छान वाटतं ना ऐकायला? पण निघताना मी रूपाला हेच म्हटलं होतं, समोर उभी राहून, सावकाश, ओठ दिसतील असं. ती म्हणाली, ‘पदर ऱ्हाऊ द्या ताई. माले आवाज द्या.’ पदराचं भांडण तिला रोज भांडावं लागेल, मला नाही. मी संध्याकाळच्या बसने धुळ्याला.

म्हणून आज सकाळी, तुम्ही यायच्या आधी, ठरवलं. कानाच्या वाटीत, भोकाबाहेरच्या खळग्यात, भरून बसणारं करायचं. त्यात जोर पुरतो, माइक वाटीत खोल राहतो, पदर वरून सरकतो, घासत नाही फारसा. दिसणार ते, आबा. बटणाएवढं दिसणार, समोरून, पाहुण्यांनाही. त्याचा साचा घ्यायला मी आजच सोनगीरला येतेय, आणि तिला पदर घेऊनच बसवणार, पदर घेऊनच तपासणार. मालकांना कळवलंय. तुम्हाला विचारत नाहीये. हे जुनं द्या इकडे, ते माझ्याकडे राहील.

उठा, दिवे घालवायचेत. आपली दोघांची बस एकच आहे, यायचं तर या. वाटेत माझ्याशी बोलू नका.