जावयाच्या गाडीचे मागचे दिवे

जबाब, दिनांक १८ नोव्हेंबर २००६

माझे नाव इंदूबाई बाबाराव मनवर, वय ४७ वर्षे, धंदा जिनिंगमध्ये रेजांची म्हणजे बायामजुरांची मुकादम व कापूस गोदामाची चावी सांभाळणे, राहणार निंबखेड, तालुका दिग्रस, जिल्हा यवतमाळ. शिक्षण सातवी पास. सही येते, त्यामुळे अंगठ्याची शाई पुढे करू नये.

कोणी बोलावले नसता मी आपण होऊन ठाण्यात आले असून समक्ष सांगते की, गोदामात आगपेटी, बिडी व इंजिन यांना बंदी आहे. इंजिनाची वस्तू जो आत घेईल त्याला त्याच दिवशी कामावरून काढण्यात येईल, असा शेठजींचा नियम आहे व तो सर्वांना मीच ऐकवत असते. त्यामुळे पुढील हकीकत सांगितली तर माझे काम जाते आणि नाही सांगितली तर राजकुमार कोठडीत राहतो, हे मला समजते. समजूनच सांगत आहे.

राजकुमार हरिसिंग राठोड हा बंजाऱ्यांच्या तांड्यावर राहतो व जिनिंगच्या फाटकासमोर निंबाखाली गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. परवा शेठजींचे जावई नागपूरहून गाडी घेऊन आले. तेच यात फिर्यादी आहेत. गाडी पिवळी, दोन माणसांची, आणि इतकी बुटकी की आत बसलेल्याची नजर बैलाच्या गुडघ्याशी येते. मी ट्रक पाहिले, ट्रॅक्टर पाहिले. कापसाची पाहणी करायला येणाऱ्या जीपगाड्या तर दोन वर्षांत इतक्या पाहिल्या की कापसापेक्षा पाहणीचेच पीक बरे आले म्हणायचे. पण ही गाडी फाटकाशी येऊन थांबली तेव्हा माझी बोलती बंद झाली. फाटकावरच्या लोकांनी ही गोष्ट लक्षात ठेवली आहे, कारण असे पूर्वी झालेले नाही.

गाडीत खोट एकच होती. मागचे दिवे मंद होते. कळंबच्या अलीकडे एक ट्रक मागून आदळता आदळता राहिला, असे फिर्यादींनी राजकुमारला माझ्यासमोर सांगितले. अशी गाडी लोकांनी मागून पाहत राहावी म्हणून घेतात, आणि नेमकी मागूनच ती दिसत नव्हती. काल दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी गाडीची किल्ली स्वतःच्या हाताने राजकुमारला दिली, दिवस मावळायच्या आत काम करून ठेव म्हणाले, आणि बंगल्यावर जाऊन निजले.

राजकुमारने निंबाखाली मागचे दिवे खोलले. अर्थिंगची तार गंजली होती, ती काढून नवीन लावली. मग दिवे लावून पाहिले, तर ऊन असे की लागले की नाही तेच कळेना. तो म्हणाला, "मावशी, उन्हात सारेच दिवे मंद दिसते. मले अंधार पायजे." मी म्हटले, "सरकारनं लाइट नेली बापा, ऊन नाही नेलं."

भर दुपारी अंधार असलेली जागा आमच्या गावात एकच आहे. गोदामाला खिडकी नाही. राजकुमारने काही मागितले नाही, नुसते गोदामाच्या दाराकडे पाहिले. चावी मी काढली. मला कोणी भीती घातली नाही की लालूच दाखवली नाही. त्याआधी मी बंगल्यावर विचारायलाही गेले होते. स्वयंपाकघरातून सांगण्यात आले की जावई निजले आहेत, उठवू नका. निजलेल्या जावयाला उठवायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी परत आले.

इंजिन चालू करू दिले नाही. काट्यावर कापूस मोजायला बैलबंड्या लागल्या होत्या, त्यावरचे गडी उतरून आले व गाडी ढकलत नेली. उंबऱ्याला गाडीचे पोट घासणार होते, म्हणून ती उचलायची ठरली. त्यांच्यातला किसनसिंग चव्हाण, वय साठच्या पुढे, म्हणाला, "वरात आहे का मयत, ते सांगा, तसा खांदा देतो." गाडी हातांवर उचलून आत ठेवली. सर्वांच्या आगपेट्या मी ओच्यात घेतल्या, वाळूची बादली हाताशी घेतली आणि दार आतून लावले.

किसनसिंगला गाडीत बसवले, कारण ब्रेक दाबायला माणूस पाहिजे होता. त्याला बसवायला दोघे लागले. आम्ही मागे उभे राहिलो. गाडीच्या मागच्या अंगाला छपरापर्यंत कापूस. यंदा त्याला भाव नाही, त्यामुळे आला तसा पडून आहे. राजकुमार म्हणाला, "दाबा बापू."

कापूस लाल झाला.

एकोणीस वर्षे मी ज्या गोष्टीला भिऊन झोपले आणि भिऊन उठले, ती गोष्ट माझ्यासमोर उभी होती. आख्खा ढीग खालपासून वरपर्यंत लाल. मी बादली उचलली. पण धूर नव्हता. आच नव्हती. वास कापसाचाच येत होता. धागान् धागा पेटलेला आणि काहीच जळत नव्हते. बादली मी खाली ठेवली नाही आणि ओतलीही नाही. त्या कापसाकडे आजवर आम्ही माप म्हणून पाहिले, ओल किती आणि कचरा किती म्हणून पाहिले. तो असाही दिसू शकतो, हे मला माहीत नव्हते.

गाडीतून किसनसिंग विचारत होता, "काय झालं? लागले का दिवे? काहून बोलत नाही कोणी?" त्याला पुढे भिंत दिसत होती.

लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारले की मग काय झाले. मग काही झाले नाही. आम्ही पाहत होतो. हे लिहून घ्यावे, कारण फिर्यादीच्या म्हणण्याप्रमाणे चोरी याच वेळात झाली.

नंतर किसनसिंगला बाहेर काढून दाखवणे आले, कारण ज्याच्या पायाने दिवे लागले त्यालाच ते दिसले नव्हते. त्याच्या जागी दुसरा बसला, तर आता त्याचे राहिले. याप्रमाणे प्रत्येकाची पाळी लागली. किसनसिंग पाहून झाल्यावर टोपी काढून उभा राहिला. एवढ्यात राजकुमारची आई सुखीबाई त्याची भाकर घेऊन आली, तिला आत घेतले. तिच्या काचोळीला आणि ओढणीला जुन्या पद्धतीचे आरसे आहेत. ब्रेक दाबताच एकेका आरशात एकेक लाल दिवा लागला. तिने आधी स्वतःच्या अंगाकडे पाहिले आणि मग कापसाकडे, आणि राजकुमारला म्हणाली, "हे तू केलं?" तो म्हणाला, "म्या फक्त तार बदलली, याडी." याडी म्हणजे आई.

उशीर झाला तो असा झाला. राजकुमार दोनदा म्हणाला की चला, गाडी बाहेर काढू. त्याचे कोणी ऐकले नाही. मीही ऐकले नाही, माझी पाळी यायची होती.

मधल्या वेळात फिर्यादी जागे झाले. बंगल्यासमोर गाडी नाही, निंबाखालीही नाही, म्हणून त्यांनी पोलिसांना कळवले. जिनिंग बंगल्याला लागून आहे, पण पोलिसांची जीप आधी तांड्यावर गेली. गाडी हरवो की कोंबडी, जीप आधी तांड्यावर जाते. सुखीबाई आमच्यात असल्याने घराला कुलूप होते, त्यावरून मायलेक फरार असे ठरले. जीप परत आली तेव्हा राजकुमार निंबाखाली गाडी पुसत होता. गाडीला कापूस चिकटला होता, म्हणून ती कापसात दडवली होती असे लिहिले गेले. कापूस मलाही चिकटला आहे. मला कोणी दडवलेले नाही.

गाडी कुठे होती, असे राजकुमारला विचारले. त्याने सांगितले नाही, कारण सांगितले असते तर माझे काम गेले असते. बंडीवाल्यांनीही तोंड उघडले नाही. त्याच्या गप्प बसण्याला चोराचे गप्प बसणे समजू नये.

फिर्यादींनी दिवे नीट झाले का, हे अद्याप विचारलेले नाही.

आणखी असे की, गाडी कालपासून ठाण्याच्या आवारात उभी आहे. काल दिवेलागणीला ठाण्यातले दोघे शिपाई त्या गाडीपाशी होते, एक आत बसून ब्रेक दाबत होता व एक मागे उभा होता, नंतर त्यांनी जागा बदलल्या. सुखीबाईने हे पाहिले, कारण ती काल संध्याकाळपासून बाहेर बसून आहे. त्या दोघांविरुद्ध माझी तक्रार नाही. ते हसत नव्हते, असे ती म्हणाली. राजकुमारने याहून वेगळे काही केलेले नाही.

गोदामाची चावी मी या टेबलावर ठेवत आहे. ती शेठजींकडे पोचवावी.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. त्यात दोन ठिकाणी "चोरून नेली" असे आले होते, ते माझे बोलणे नसल्याने माझ्यासमोर खोडले. बाकी मी सांगितले तसे आहे व खरे आहे. मला आता कामावर जाण्याची घाई नाही. राजकुमारला सोडेपर्यंत मी बाहेर सुखीबाईजवळ बसत आहे.

सही
इंदूबाई बाबाराव मनवर