बद वाजलेला स्पोक

—काटाच घुसला असंल, मिस्त्री, दुसरं काय? आमच्या आटपाडीकडं बाभळी कमी हायत व्हय? काय म्हंता, फटफटी टेम्पोतनं आली? आली की, पर वस्तीवरनं सडकंपतूर माजी पोरगी सृष्टीच चालवत आली न्हवं — तिथंच घुसला असंल, आन् आत्ता बघतो तर मागचं चाक बसलंय. तुमी चाक सोडा, आत ट्यूब घाला आन् मोकळं व्हा. ती बगा, तिकडं मांडवात शर्यतीचा नंबर बांधून घेतीया, ती यायच्या आत झालं पायजे — पोरीला कळू द्यायचं न्हाई.

काट्यानं ह्या चाकाची हवा जात न्हाई? ते मला सांगता व्हय? ट्यूबच न्हाई तर फुटणार काय — काटा घुसला तरी आतलं जेल भोक बुजवतं. पोरीनंच अंगणात बसून केलंय सगळं. तारांचं चाक, स्पोकागणिक भोक, हवा तिथनं जायाची — म्हणून तिनं एकेक भोक डिंकासारखं कायतरी लावून बुजिवलं, वरनं पट्टी चिकटिवली, वाळू दिलं. पावसाळाभर हवा हलली न्हाई. तिच्या विश्रामबागेतल्या कॉलेजची पोरं बघाय आली हुती. मी आपला पोरांस्नी च्या देत हुतो.

साबणाचं पाणी कशापाय लावताय? ऱ्हाऊ द्या की — बरं, लावा. व्हय, बुडबुडं दिसत्यात. स्पोकच्या बुडातनं येत्यात, व्हय, चार-पाच ठिकाणी. हिसकं बसलं असतील. न्हाई? कुणीतरी आवळल्यात म्हंता? कोण आवळंल हो — पोरगी कुणाला हात लावू देत न्हाई गाडीला.

आसं बघू नका माज्याकडं. म्या आवळल्यात. आज सकाळी, हितंच कोयनानगरला, मुक्कामावर. मेंढरं इकून दुधाचा धंदा धरला तवापासनं माजी सवय हाय — गाडीला किटल्या अडकवायच्या आधी नखानं स्पोक वाजवून बघायचा, बद वाजला म्हंजी ढिला, मग आवळायचा. वस्तीत कुणालाबी इचारा, ह्या दादासोचं चाक कवा डगमगलं का. आज पोरगी अंघोळीला गेल्याली, गाडी म्होरं उभी, आपसूक हात गेला — आन् वाजला की बद. पोरगी ढिल्या चाकावर घाट उतरणार आन् बाप गप बसंल व्हय? स्पोकची चावी घेतली, आवळला. मग शेजारचंबी आवळलं. लय बरं वाटलं. खरं सांगू, त्या गाडीतलं मला काय म्हंजी काय कळत न्हाई, ती बोलती आन् मी व्हय-व्हय करतो — एवढं एकच माज्या हातचं काम घावलं. स्पोक फिरला की तो डिंक उकलतो, हे मला कुणी सांगितलंय?

ह्या मापाची ट्यूब न्हाई? कुणाकडंच? मग हवा भरा, कच्चून भरा. निम्म्या वाटंत उतरंल? आन् उतरली की टायर रिमवरनं सुटंल — घाटातल्या त्या वळणाला तर खाली नुसती दरी हाय, काल सांजंला म्या वाकून बघितली.

सांगून टाका म्हंता. वरीसभर ह्याच दिवसाची वाट बघितली तिनं, मिस्त्री. कळलं तर परत गाडीपाशी उभं करायची न्हाई मला. तुमीच सांगा की — काटा घुसलाय म्हणा, जाऊ नगंस म्हणा — न्हाई, न्हाई. काटा म्हणलं की हसंल ती. काट्याला ती भ्येतच न्हाई, जेल हाय म्हणंल, हवा भरंल आन् जाईल.

आली बगा. हेल्मेट काखंत, तोंड कसं फुललंय —

सृष्टे, बसू नगंस. खाली उतर म्हंतो न्हवं. हवा भरून भागायचं न्हाई, बाय. स्पोक म्या आवळल्यात सकाळी, तू अंघोळीला गेलीस तवा. म्याच आवळल्यात.

मिस्त्री, तुमी जरा पल्याड व्हा. पोरगी आता काय बोलंल ते माजं मला एकट्याला ऐकू द्या.