ओळंबा बिघडलाय म्हणे!

…अहो, भिंत वाकडी नाहीये, किती वेळा सांगू? पण आबा ऐकतील तर ना! आमचे आजोबा हो, दगडू गवंडी, अर्धी डोंबिवली ह्यांनीच बांधलेली, असं तेच सांगतात. मोतीबिंदू काढताना डॉक्टरीणबाईंनी तिरका नंबर घालवणारी लेन्स बसवली, आता सगळं सरळ दिसेल म्हणाल्या, आणि घरी येताच हे सुरू, "भिंत वाकडी आहे, जमीन उतरती आहे!" सपाट लादीवर पाय असा उचलतात, जसा काही उंबरठा ओलांडतायत. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं बंद. कायमचं! तुम्हाला सांगतो, फाटलेली त्यांची, पण कबूल करतील? छे! डोळा सोडून सगळं वाकडं!

त्यात भर नंदाआत्याची, "तू रिकामाच आहेस ना? धर की हात!" कॉलेज सोडलं म्हणजे मी काय जिन्याचा कठडा झालो? आणि धरला, तर आबा झटकतात, "मी काय तान्हं पोर आहे?"

माझी सटकली. त्यांचाच ओळंबा काढला, भिंतीला लावला. दोरी वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर! म्हटलं, बघा. तर म्हणतात, "ओळंबा बिघडलाय." अहो, दोरीला लटकवलेलं वजन ते, बिघडेल कसं? त्यात काय सेल असतात? डोळा सोडून सगळं वाकडं!

"आबा, तुम्ही घाबरलाय!" ओरडलोच मी. आबांनी भिंतीवर हात फिरवला. मग हळूच, "पन्नास वर्षं नुसत्या नजरेनं भिंत ओळखली रे मी…"

मी ओळंबा गुंडाळून ठेवला.

डॉक्टरीणबाई म्हणालेल्या, मेंदूला तिरक्याची सवय होती, त्यात एकच डोळा बदललाय, सगळं जागेवर बसेल हळूहळू, पण चालत राहा. सकाळी आबांनी बांधकामाची दोरी काढली. "टोक घेऊन खाली उभा राहा. ताणून धर." म्हणजे हात नको, दोरी चालेल! एक हात कठड्याला, एक दोरीला, पायरी पायरी… शेजारची जागृती विचारते, "पतंग उडवताय का रे?"

पाच आठवडे! मग एकदा दोरी सैल पडली, वर बघतो तर आबांनी सोडलेली… आणि उतरतायत. एकटे. हाक मारणार होतो, नाही मारली.

डॉक्टरीणबाई खूश, "आता दुसरा डोळा, कधी करू या?"

आबा म्हणतात, "लगेच करा. हा मोकळा आहे तोवर. उद्या नोकरीला लागला तर?"

मला नोकरी लागेल, असं घरात पहिल्यांदा कुणीतरी बोललं… तेही ऑपरेशनची तारीख लवकर मिळावी म्हणून!