उपरण्याखालची दोन बोटं

मंडळी, एक सांगा. माणूस खोटं बोलतोय हे ओळखायचं कसं? तुम्ही म्हणाल, एकच गोष्ट दोनदा विचारायची. उत्तर बदललं की चोर सापडला. हेच आमच्या तात्याबा खरमाट्यांचं शास्त्र! तात्याबा जनावरांच्या बाजारातले दलाल. आरतीलासुद्धा एक डोळा चपलांवर! हसताय? तुमचा कुठंय?

तर त्यांची सून रेवती बँकेच्या परीक्षेला बसणार होती. रोज तालुक्याला क्लास, घरी इंग्रजी शब्दांची घोकंपट्टी. तात्याबांना वहीम — पोर शिकते, की नुसती हिंडते? एक दिवस सहज विचारल्यासारखं केलं, "रन म्हंजे काय गं?"

"पळणं, मामा."

चार दिवसांनी पुन्हा तेच. तिच्या डोक्यात त्या दिवशीचा धडा. "दुकान चालवणं, मामा." तात्याबांच्या कपाळाला आठी. तिसऱ्यांदा विचारलं, तर म्हणते, "नाक वाहणं."

झालं! "एका शब्दाचा रोज नवा अर्थ? मला येडा समजतीस व्हय? उद्यापासनं क्लास बंद." ती बोलायला गेली, तर हे उठून चालते झाले. परीक्षा तोंडावर, आणि पोर चुलीपुढं रडतेय. वाईट वाटतं हो सांगताना.

दुसऱ्या दिवशी बाजार. आता जनावराचा सौदा होतो कसा? तोंडानं नाही. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबायची — शेजारच्याला भाव कळता कामा नये. तात्याबांनी बैलासाठी एका नव्या गिऱ्हाइकाची दोन बोटं दाबली. म्हणजे वीस हजार. गिऱ्हाइकानं हात झटकला. "मघाशी शेळीला दोन बोटं म्हणजे दोन हजार होते. आता वीस? लुबाडता काय?"

तात्याबा चिडले. "अवो, बोट काय बघताय? जनावर बघा की. बोट तेच, जनावर बदललं की—"

आणि तात्याबांना रेवती आठवली. सौदा टाकून तात्याबा घरी. रेवती पुस्तकं ट्रंकेत भरत होती. हे शेजारी बसले. "रन म्हंजे काय गं?"

रेवतीच्या मनात आलं, आता कुठलं उत्तर दिलं तर वाचेन?

"थांब," तात्याबा म्हणाले. "आधी वाक्य सांग, मग अर्थ. माझं चुकलं पोरी. जनावर न दाखवताच मी तुला भाव विचारला."

पुस्तकं ट्रंकेतून बाहेर आली.

आता मंडळी, खाली बघू नका. घरी कोणी उशिरा आलं, कोणी गप्प बसलं, की तुम्ही एकच अर्थ लावता — तोही वाईटातला! आज घरी गेलात की ज्याच्यावर वहीम आहे त्याच्यापाशी बसा, त्याचं पुरतं ऐका. मग टाळी वाजवून देवाचं नाव घ्या. नाहीतर तुमची टाळी खरी आहे, हे देवानं तरी कशावरून मानायचं?