पुसली गेलेली रेघ

बायकोच्या घ्यायच्या राहिलेल्या गोळ्या न्यायला आजोबा दवाखान्याच्या औषधखिडकीसमोर उभे होते. रांगेत पुढे दवाखान्यातल्याच दोघी कर्मचारी कुजबुजत होत्या.

"ताई, संगणकावरून रुग्णांच्या औषधांचे कागद काढताना मी पानाची स्क्रिप्ट आणि स्टाइल, म्हणजे सजावट, दोन्ही बंद केल्या."

"बरं केलंस. स्क्रिप्टमुळेच पान अडकायचं."

"अगं, पण डॉक्टरांनी बंद केलेल्या औषधावर आडवी रेघ येते ना, ती स्टाइलमधली!"

"म्हणजे रेघ गेली?"

"रेघ गेली, औषध राहिलं."

"अगं बाई! किती जणांना दिलेस?"

"कालपासून सगळ्यांना."

"मग रांगेत काय उभी राहिलीस? खिडकीवर सांग आधी!"

"एवढ्या लोकांसमोर कसं सांगू?"

आजोबांनी हातातल्या, बायकोसाठी काल मिळालेल्या कागदाची घडी उलगडली. पाच औषधं होती, रेघ एकही नव्हती.

"पोरी, मला सांग. यातलं कोणतं तिला द्यायचं नव्हतं?"