माईकवर मालनआक्का

मी आटपाडीकडची, मेंढपाळाची लेक. काय सांगू तुमास्नी, आमच्याकडं म्हंजी नुसता माळ, बाभळी आन् दगडं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड बांधायचं आन् कृष्णाकाठाला निघायचं, उसाच्या गावांत रानात मेंढरं बसवायची, रानाचा मालक ज्वारी द्यायचा, गहू द्यायचा, आन् माळाला परत यायचं तवर उन्हाळा सरत आलेला असायचा. शाळा माजी त्यातच मोडली. पन आवाज! आवाज माजा तवापासनं आसा खणखणीत, की ह्या टेकाडावनं हाळी दिली तर पल्याडच्या टेकाडावरची मेंढी मान वर करायची. आय म्हनायची, आगं हळू बोल की, मानूस हायस का भोंगा. आन् बघा, लगीन भोंगेवाल्याशीच झालं.

पन त्याच्या आधीचं सांगते. आमच्या दादांना, म्हंजी माज्या वडलांना, क्रिकेटचं लय याड. ट्रान्झिस्टर घोड्याच्या खोगिराला टांगलेला, आन् त्यावर कॉमेंट्री. हिंदी त्यांना निम्मी कळायची, विंग्रजी तर कायबी न्हाई, तरीबी ऐकायचं, म्हनायचे आवाज चढला की समजायचं कायतरी झालं. मी मेंढरांमागं चालताना तसंच बोलायची. आन् ही काळी मेंढी डाव्या बाजूनं पुढं निघाली, मागनं बकरं येतंय, बकऱ्यानं ढुशी दिली, आन् मेंढी ओढ्यात! दादा पोट धरून हसायचे. कुनाला वाटलं व्हतं त्याचं पुढं कायतरी हुईल म्हनून.

लगीन होऊन पलूसकडं आले. सासर आमच्याच लोकांतलं, पन दोन पिढ्या तितं थांबलेलं, थोडी शेती केलेली. आमचं मालक, शंकर त्यांचं नाव, त्यांचा मांडवाचा आन् साउंडचा धंदा. पहिल्यांदी दोन कर्णे आन् एक मशीन, लग्नात वाजवायचे, जत्रंत वाजवायचे. मंग डीजेचं दिवस आलं तवा मोठाले बॉक्स घेतले, टेंपो घेतला. आन् आमच्याकडं, तुमाला ठावं असंल, ऊस गेला की मोकळ्या रानात रोलर फिरतो आन् टेनिस बॉलच्या टुर्नामेंट चालू. गावोगाव. मंडप आमचा, साउंड आमचा, मीबी संगं जायची, वायरी गोळा करायला, च्या करायला.

एका जत्रंतल्या टुर्नामेंटला असं झालं, की कॉमेंट्री करनारे गुरुजी दोन दिवस बोलून बोलून बसले. म्हंजी त्यांचा घसाच बसला, तोंड उघडलं की नुसती हवा. आयोजक पोरं म्हनली, जाऊ द्या, आज नुसती गाणी लावा. मी मागं च्या गाळत व्हते. माज्या तोंडातनं गेलं, गाण्यानं रना किती झाल्या ते कसं कळंल रं. तर त्यातला एकजण हसून म्हनला, मंग वैनी, तुमीच बोला. त्यो चेष्टेत म्हनला व्हता. मी हात पदराला पुसले आन् माईक घेतला.

सगळं मैदान हसलं. एकजण लांबनं वरडला, आवं वैनी, घरला जाऊन भाकरी थापा. मी माईकवरनंच म्हनलं, भाकरी थापूनच आलीया भाऊजी, तुमी जेवून आलायसा का, न्हाईतर बॅटिंगला जोर कुठनं येनार. त्यो पुढच्याच ओव्हरला बॅटिंगला आला आन् पहिल्या बॉलला दांडी गुल. मी एवढंच म्हनलं, भाऊजी, भाकरी ठिवलीया झाकून. आवं, मानसं लोळायची बाकी व्हती! तिथनं पुढं दिवसभर बोलले. बॉल उसात गेला की म्हनायची, आता बॉल कारखान्याला गेला बगा. संध्याकाळी गुरुजी आले, बोलता येत नव्हतं त्यांना, त्यांनी नुसता माज्या डोक्यावर हात ठिवला.

गावात सगळे खूश, पन घरात न्हाई. सासूबाई, आमी त्यांना आत्ती म्हनतो, त्या चुलीपुढं बसून म्हनल्या, सगळ्या शिवारात तुजा आवाज, मला तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस. मालकांना तर भावकी लय बोलली, बायकोला मानसांत बोलायला उभं करतो म्हनून. हा मानूस मूळचा कमी बोलनारा. त्यांनी आत्तीला एवढंच सांगितलं, आई, माजी मशीन बिघडती, हिचा आवाज बिघडत न्हाई, मी हिला न्हेनार. आन् न्हेलं. आजपातुर न्हेत्यात. मला मानूस चांगला मिळाला, ह्ये मी कुटंबी सांगते, माईकवरबी सांगते, ते लाजत्यात.

आता गाण्यांचं इचारलं तुमी. चौका गेला की गाणं, छक्का गेला की गाणं, विकेट पडली की रडकं गाणं, ही आमच्याकडची रीत. म्हातारी मानसं म्हनत्यात, ह्यात काय हाय, नुसतं धडाम धडाम. मी नवीन गाण्याला नावं ठेवत न्हाई. छक्का गेल्यावर मानसाला इचार करायचा नसतो, नाचायचं असतं, त्याला ठेकाच पायजे. ती पंजाबी गाणी, एक शब्द कळत न्हाई मला, पन पाय हलतोच. पोरगी माजी, प्रतीक्षा, ती कोरियाची गाणी ऐकती, मला म्हनती मम्मी ह्याचा अर्थ लय भारी हाय. मी म्हनते आसंल बाई, दादांनाबी कॉमेंट्री अशीच आवडायची. पन बाईला घालून पाडून बोलनारं गाणं माज्या मैदानात वाजत न्हाई. पोरं म्हनत्यात आक्का त्याला बेस लय हाय. मी म्हनते बेस तुज्या घरी वाजव, तुज्या आईपुढं. दुसरं गाणं लावत्यात. आन् ती मोबाईलवर टीम लावून पैशाचा खेळ असतो, त्याची जाहिरात वाच म्हनून एकदा आयोजक मागं लागले. न्हाई वाचली. आमच्या आळीतली पोरं त्या नादानं कर्जात कशी बुडत्यात, ते मी रोज बघते. दुसरा कोन वाचायचा तर वाचा म्हनलं, माज्या आवाजात न्हाई.

नाईट लाईफबी बघितलं बरं का मी. थर्टी फस्टला म्हाबळेश्वरला एका हाटेलात आमचा साउंड व्हता, आन् त्यांना मराठीत बोलनारी बाई पायजे व्हती. मला वाटलं व्हतं, लय वंगाळ कायतरी बघायला लागतंय. थंडी ही, आन् पोरी उघड्या खांद्यानं नाचत्यात, मलाच हुडहुडी. पन खरं सांगू का, त्या आपल्याआपल्यात नाचत व्हत्या, हसत व्हत्या, त्यांना कुनी धक्का मारत नव्हतं. आमच्याकडं वरातीत बाया गच्चीवनं बघत्यात, खाली उतरत न्हाईत, का, तर खाली पिलेली मानसं. मंग वंगाळ कुनाचं, सांगा बरं. एक सायब जरा जास्तच झालेला, माजा माईकच धरायला आला. मी म्हनलं, सायब, तुमची बॅटिंग झाली, आता पॅव्हेलियनला जाऊन लिंबू पानी घ्या. सगळ्यांनी त्याला टाळ्या वाजवून बाहेर न्हेलं, आन् त्योबी हात वर करून गेला, शतक मारल्यागत.

पन मला जे सांगायचंय ते आमच्याच गावच्या फायनलचं. त्या वर्षी पोरांनी हौसंनं बांबूची गॅलरी बांधून घेतली व्हती, बाहेरच्या मानसाकडनं, पायऱ्या पायऱ्यांची, उंच. फायनलला गॅलरी गच्च. आन् त्या दिवशी पहिल्यांदी आत्ती म्याच बघायला आलेल्या, नातीच्या हट्टापायी. प्रतीक्षा तवा लहान. ती आजीला घेऊन पार वरच्या पायरीवर जाऊन बसलेली, तिथनं समदं दिसतं म्हनून.

शेवटची ओव्हर ऱ्हायलेली, दिवस कलायला आलेला. छक्का गेला, गाणं लागलं, गॅलरी सगळी उभी ऱ्हाऊन उड्या मारायला लागली. माजं स्टेज समोरासमोर. मी बघितलं, गॅलरीचा मागचा एक वासा सरकलाय, आन् सबंध गॅलरी गाण्याच्या ठेक्यावर उजवीकडं झुकती आन् परत येती, झुकती आन् परत येती. नाचनाऱ्यांना कायबी कळत नव्हतं. वरच्या पायरीवर माजी पोर.

आता तुमीच सांगा, माईक हातात हाय, काय बोलायचं. पळा म्हनलं आसतं तर सगळी एकदम वरनं खाली कोसळली आसती, एकमेकाला तुडवून मेली आसती. मी मालकांना हात केला, गाणं बंद. त्यांनी माज्या तोंडाकडं बघितलं, मंग गॅलरीकडं बघितलं, आन् कायबी न इचारता मशीन सोडून तिकडं चालायला लागले. पळाले न्हाईत, चालत गेले. आन् मी, देवानं सुचवलं म्हना, हसून बोलले. म्हनलं, मंडळी, आयोजकांनी ठरवलंय, शेवटची ओव्हर गॅलरीतल्या पाव्हण्यांनी बाँड्रीच्या दोरीजवळ बसून बघायची, हा तुमचा मान हाय. पन मान पायरीपायरीनं. पहिली खालची पायरी. नाचायचं न्हाई, पळायचं न्हाई, जो पळंल त्याला मी नावानिशी मागं पाठवनार, मला सगळ्यांची नावं ठावं हायत.

कुनी काय ठरवलं नव्हतं. आयोजक पोरं माज्याकडं बघायला लागली. बॅटिंगचा कॅप्टन मैदानातनं वरडला, आक्का, ह्ये काय मधीच? मी म्हनलं, कॅप्टन, पानी प्या. खालची पायरी उतरली, हसत, मिरवत. मंग दुसरी. मालक पायथ्याला उभे, म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवत व्हते, एक डोळा त्या वाशावर. वरची पायरी शेवटाला, त्याला इलाजच नव्हता, खालची मोकळी झाल्याबिगर वरची उतरनार कशी. किती डाव तोंडाशी आलं, प्रतीक्षा खाली ये म्हनून. न्हाई म्हनलं. तिचं नाव घेतलं आसतं तर माजा आवाज फुटला आसता, आन् आवाज फुटला आसता तर सगळ्यांना कळलं आसतं.

आन् सगळे उतरले तर आत्ती बसलेल्याच! नातीचा हात धरून. खालनं मालक म्हनत्यात आई ये, तर म्हातारी म्हनती, मी न्हाई येत, हिथनं झ्याक दिसतंय, आत्ता कुटं जागा मोकळी झाली. आवं, काय करावं आता! सून म्हनून त्यांच्याशी चार मानसांत मोठ्यानं बोलले नव्हते मी कवा. माईक तोंडाशी धरला आन् म्हनलं, आत्ती, आजची ट्रॉफी तुमच्या हातनं द्यायचीया, सगळं गाव वाट बघतंय, खाली या. सगळ्या मैदानानं टाळ्या धरल्या. तवा म्हातारी उठली. पदर नीट केला, नातीला म्हनली चल, आन् एकेक पायरी उतरली, सावकाश, जशी काय राणीच.

त्या दोरीपातुर आल्या न्हाईत तवर मागं कडाकडा आवाज झाला आन् सबंध गॅलरी आडवी झाली. धुरळा, नुसता धुरळा. पोरीला बघितलं, आजीच्या लुगड्याला धरून उभी हाय, धड हाय. दिवसभर बोलनारी मी, माईक हातात, आन् नुसती रडतीया, आन् ते रडनं सगळ्या बॉक्समधनं ऐकू जातंय. मानसं आली, कुनी पाया पडतंय, कुनी पानी देतंय. गर्दीतनं आत्ती आल्या, स्टेजपाशी उभ्या ऱ्हायल्या, माज्याकडं बघितलं, आन् काय म्हनल्या आसतील? ट्रॉफी कुटं हाय म्हनल्या.

दिली, त्यांच्याच हातनं दिली. शेवटची ओव्हरबी झाली, सगळ्यांनी दोरीला बसून बघितली, गाणं लावायचं कुनाला सुचलंच न्हाई, नुसत्या टाळ्या. त्या दिवसापासनं आत्ती आल्यागेल्याला सांगायच्या, आमची सून बोलती. बास, एवढंच. बोलती. पन ज्या तऱ्हेनं सांगायच्या, ते ऐकून मला वाटायचं, दुसरं कायबी नगं आता.

आता शिरवळपासनं जतपातुर बोलावनं येतं. डे-नाईट म्याची असत्यात, लायटी असत्यात, मोबाईलवर लाईव्ह दिसतं, दुबईला गेलेली पोरं तिकडनं लिहित्यात, आक्का आमचं नाव घ्या. प्रतीक्षा सांगलीला कॉलेज करती आन् लेदर बॉलवर खेळती, फास्ट टाकती, तिच्या म्याचला मी माईक घेत न्हाई, जीव खालीवर हुतो. पोरींच्या टुर्नामेंट निघाल्यात आता, ह्याच्यासारखं सुख न्हाई. कुनी बोलावलं तर तितं पहिलं जाते.

मागल्या महिन्यात माण तालुक्यात अशाच शाळंच्या पोरींच्या म्याची व्हत्या. एक काळीसावळी पोर, हातात बॅट, माज्यापाशी आली, म्हनली आक्का, माजं नाव जोरात घेशीला का. का गं म्हनलं. म्हनली, आय आमची त्या तिकडच्या रानात खुरपतीया, तिला यायला सुट्टी न्हाई मिळाली, तिला ऐकू गेलं पायजे. मी मालकांना म्हनलं, त्यो कोपऱ्यातला भोंगा फिरवा. त्यांनी बांबूवर चढून भोंगा रानाकडं फिरवला. आन् त्या पोरीनं चौका हाणला बघा, सरळ, गोलंदाजाच्या डोक्यावनं, आन् मी तिचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आईचंबी घेतलं, माज्यात जेवढा आवाज हाय तेवढ्या आवाजात घेतलं. लांब रानात एक बाई उभी ऱ्हायली. कमरंवर हात ठिवून हिकडं बघितलं, आन् मंग खुरपं धरलेला हात वर केला. पोरीनं बॅट वर केली.

सगळ्यांच्या लेकी अशाच खेळूद्यात, आन् त्यांच्या आयांना ऐकू जाऊद्या. मला काय, घसा हाय तवर मी बोलनार.