वाडग्यातली वस्ती

गुरांच्या दवाखान्यात प्रेरणाच्या मांडीवर मांजर होतं, पण तिचे कान शेजारच्या बाकाकडं. तिथं देवगावहून आलेले सोनाजी आणि त्यांची बायको बानाबाई कुत्रा घेऊन बसले होते. कंपाउंडर विचारत होता.

"काय होतंय कुत्र्याला, बाबा?"

"मेंढरं इकली तवापासून, सांज झाली की भुऱ्या मलाच नाकानं ढकलत मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाडग्यात नेतो. मंग दारात राखणीला बसतो."

"अन् तुम्ही जाता?"

"जावंच लागतं. नायतर भाकरीला तोंड लावत नाय."

"सकाळी भुऱ्या दारातून उठतो," बानाबाई म्हणाल्या, "पर हे काय बाहेर येत नायत."

"मग मावशी, दाखवायला आणलंय कुणाला?"

बानाबाईंनी कुत्र्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"तेच तर कळंना झालंय, साहेब."